खाकी कव्हरातली अमेरिका

अमेरिकेत एकदाही पाऊल न ठेवता उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत ती अख्खी पाठ असलेला माणूस बर्लिनमध्ये एकच असावा, आणि तो माझ्या खालच्या मजल्यावर राहत होता. मी त्यांना खालचे काका म्हणायचे. दक्षिण जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात उभी हयात गिअरबॉक्स जुळवून ते निवृत्त झाले आणि मुलीजवळ राहायला बर्लिनला आले. इथल्या एका ग्रंथालयात दोन्ही अमेरिकांच्या इतिहासावरची, समाजावरची नवी अभ्यासपुस्तकं दर मंगळवारी मांडतात, हे त्यांना कळलं मात्र, त्यातलं एकही सोडायचं नाही असा त्यांनी पण केला. बर्फ पडो, भुयारी रेल्वे बंद असो, मंगळवारी दहाला काका दारात हजर. पेरूचे विणकर झाले, मिसिसिपीचे पूर झाले, ब्राझीलची स्वयंपाकघरं तर जेवणाच्या टेबलापर्यंत आली. काकू म्हणायच्या, "अहो, आमटी निवतेय. ब्राझील कुठे निवणार आहे?"

पुस्तक घरी आलं की काका आधी त्याला कव्हर घालत. आपल्याकडे जूनमध्ये शाळा सुरू होताना घालतात तसं, खाकी कागदाचं, वर लेबल: नाव, इयत्ता, विषय. ग्रंथपाल बाईंनी एकदा हरकत घेतली, तेव्हा काकांनी त्यांच्यासमोर कव्हर काढून परत घालून दाखवलं. पुस्तकाला गोंदाचा थेंब नाही, नुसत्या घड्या. बाई घड्या निरखून पुढच्या माणसाकडे वळल्या. काकांनी ती कायमची परवानगी समजली. वाचायला मात्र ते तळटीपांपासून सुरुवात करत. म्हणत, "घर ओळखायचं तर दिवाणखाना बघू नये, मोरी बघावी."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. इथे विद्यापीठात आले, तर सेमिनारमध्ये बाकीची मुलं धडाधड बोलायची, आणि माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. त्यात कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांविषयीच्या एका नव्या पुस्तकावर मला रेफेराट द्यायचा होता, म्हणजे वर्गासमोर अर्धा तास बोलायचं. मी ग्रंथालयात गेले तर पुस्तक कोणीतरी नेलेलं. मला खरं तर बरंच वाटलं. सेमिनार सोडला तर शिष्यवृत्ती जाणार हे माहीत असूनही मी सोडायचं ठरवलं, आणि जिन्यात भेटलेल्या काकूंना तसं सांगून टाकलं.

संध्याकाळी काका वर आले. पुस्तक त्यांच्याकडेच होतं, कव्हर घालून.

"सोडायचं तर सोड," ते म्हणाले. "पण आधी एकशे बाराव्या पानावरची तळटीप वाच. मी इथेच बसतो."

आणि ते खरंच बसले, कोटसुद्धा न काढता. टीप चार ओळींची होती. झोपड्यांतून जितकी माणसं राहत, त्यांच्या निम्मीच नावं हजेरीपटात का, हे कागदपत्रांवरून कळत नाही, असं लेखकाने लिहिलं होतं. मी ती दोनदा वाचली. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, हे काकांना ठाऊक होतं. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि नाव लागतं नवऱ्याचं.

मी आईला फोन लावून विचारलं, तुझं नाव कधी वहीत होतं का? ती म्हणाली, "मुकादमाच्या वहीत कोयता असतोय बाई. बायका कशाला असतील?"

काका उठले. "हे उद्या वर्गात सांग. चुकलीस तर चुकलीस," म्हणाले. लेबलावर त्यांनी इयत्ता आणि विषय लिहिला होता, नावाची जागा कोरी होती. "ते तू लिही."

खाकी कव्हर बघून वर्गात हसू पिकलं. तिकडेही असंच असेल का मला माहीत नाही, पण आमच्याकडे असं मोजतात, एवढंच मी म्हटलं. प्राध्यापकबाईंनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि या वेळी लिहून घेतलं. मी सेमिनार सोडला नाही.

पुढच्या वर्षी काकांच्या मुलीला टोरोंटोत नोकरी लागली आणि त्यांना नाइलाजाने अमेरिकाखंडात जावं लागलं. फोनवर म्हणतात, इथे बघण्यात फार वेळ जातो, वाचायला होत नाही. मंगळवारी दहाला आता मी जाते. नवी पुस्तकं उघडीबोडकी मांडलेली असतात. ते उसाचं पुस्तक परत केलं तेव्हा ग्रंथपाल बाईंनी कव्हर घडी न मोडता काढून मला दिलं होतं. ते माझ्या टेबलावर आहे. लेबलावर नावाच्या जागी मी आईचं नाव लिहिलं आहे.