काहीच न येणाऱ्या बाई

आमच्या अंगणवाडीच्या बाईंना काहीच येत नव्हतं. निदान आम्हा सगळ्या मुलांची तशी पक्की खात्री होती. त्या फळांचा तक्ता उलटा टांगायच्या आणि पेरूला वांगं म्हणायच्या. एक, दोन, तीन म्हणून झालं की थेट पाचावर जायच्या. गवत लाल खडूने रंगवायच्या. मग आम्ही सगळे ओरडायचो. कुणी उठून त्यांच्या हातातला खडू काढून घ्यायचं, कुणी तक्ता सरळ करायला धावायचं. बाई डोक्याला हात लावायच्या. "हाव काय? मले तं कोणी सांगितलंच नाही बाप्पा!"

एवढ्या मोठ्या बाईला साधा चार येत नाही, म्हणून आम्हाला त्यांची काळजी वाटायची. गोलू नावाचा मुलगा तर एकदा तापात फणफणत असताना अंगणवाडीत जायचं म्हणून रडला. आजीने विचारलं, "काहून रे, एक दिवस नाही गेला तं काय होते?" गोलू म्हणाला, "मी नाही गेलो तं बाई चार विसरून जाईन."

आमचं गाव बाळापूरकडचं. अंगणवाडीची खोली आणि जिल्हा परिषदेची शाळा यांच्यामध्ये एकच भिंत होती. मी तेव्हा तीन वर्षांची असेन. आज मी अमरावतीला कॉलेजात आहे, आणि वर्गात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की अजूनही हात वर करायला बिचकते. इतक्या लहानपणीचं असल्यामुळे हे सगळं मला जसंच्या तसं आठवतं असा दावा करणार नाही. काही मला आठवतं, बरंचसं ताईने सांगितलेलं आहे. पण खोलीतला खिचडीचा वास, भिंतीला टेकून जमिनीवरच बसलेल्या बाई आणि त्यांच्या मांडीवर हक्काने लोळणारं एखादं लेकरू, एवढं नक्की माझं स्वतःचं आहे.

"मले नाही येत" हे वाक्य बाई प्रत्येकासाठी वेगळ्या तऱ्हेने वापरायच्या. सलीमच्या वडिलांचं स्टँडवर शिलाईचं दुकान होतं. घरी हिंदी बोलत असल्यामुळे तो सुरुवातीला वर्गात तोंडच उघडत नव्हता. बाईंनी एक दिवस कावळ्याचं चित्र त्याच्यापुढे धरलं. "सलीम, याचं नाव काय रे? मी भुलली." सलीम हळूच म्हणाला, "कव्वा." अर्धा वर्ग ओरडला, "कावळा, कावळा!" बाई म्हणाल्या, "आता कोणाचं खरं? चाला, त्यालेच विचारू." आम्ही सगळे अंगणात गेलो. बाईंनी खिचडीचा घास दगडावर ठेवला. निम्मी मुलं "कव्वा, ये" म्हणत होती, निम्मी "कावळ्या, ये" म्हणत होती. कावळा आला, घास उचलला आणि उडून गेला. "पाह्यलं? त्याले दोन्ही समजते," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून सलीम वर्गात सगळ्यात जास्त बोलायला लागला, आणि आम्ही प्रत्येक वस्तूची दोन-दोन नावं शिकलो.

आता माझी गोष्ट. खरं तर ती माझ्यापेक्षा ताईची आहे. माझी ताई, शीतल, तेव्हा चौथीत होती. आई-बाबा दोघेही रोजमजुरीला जायचे. घरात दुसरं कुणी नव्हतं. आई शेतात निंदणाला गेली की मी ताईच्या कडेवर, आणि मी कडेवर असले की ताईची शाळा बुडायची. मी अंगणवाडीत बसले तर ताई शाळेत जाणार, नाही बसले तर तिची शाळा सुटणार, इतकं ते सरळ होतं. बाबा वाईट नव्हते. पण ते आईला म्हणाले होते, "यंदा राहू दे मोठीचं. बारकी हाताखाली आली का पाहू." आमच्याकडे मुलीच्या शाळेबद्दल 'पाहू' म्हटलं की पुढे कुणी पाहत नसे.

अशात बाई स्वतः आमच्या घरी आल्या. आई भाकरी थापत होती. बाई दारातच बसल्या आणि म्हणाल्या, "हे बारकं मले देऊन टाका." बाईंनी गावातल्या एवढ्या लेकरांमधून मला मागून नेलं, हे मी पुढे किती वर्षं सगळ्यांना ऐटीत सांगत असे.

नेलं खरं, पण मी बसेना. ताईचा फ्रॉक घट्ट धरून मी भोकाड पसरलं. पलीकडे शाळेची घंटा झाली. बाईंनी ताईच्या पायांकडे पाहिलं. "शीतल, एक चप्पल काढ." ती चप्पल त्यांनी माझ्या हातात दिली. "सोने, हे धर. तुही ताई एका चपलेनं घरी जाईन काय? आई रागवीन ना! हे चप्पल घ्याले तिले इथंच या लागते."

मला ते पटलं. चप्पल मांडीवर घेऊन मी बसले. प्रार्थनेला चप्पल, चिंचोके मोजायला चप्पल, खिचडीच्या वेळी ताटाशेजारी चप्पल. खिचडी करणाऱ्या मदतनीस द्वारकामावशी वैतागल्या. "बाई, जेवाच्या जागी चप्पल? या पोट्टीले काही सांगा ना."

"मावशी, तिची ताई हाय थे. बसू द्या पंगतीत."

तिकडे गुरुजींनी विचारलं, "काहून व शीतल, एकच चप्पल?" ताई म्हणाली, "दुसरी अंगणवाडीत बसली हाय, गुरुजी." सगळा वर्ग हसला, गुरुजीसुद्धा. पण पाऊस लांबलेला, मैदान तापलेलं, ताई मधल्या सुट्टीत एका पायावर उड्या मारत पाणी प्यायला जायची. बाईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या चपला तिला दिल्या. त्या ताईला एवढ्या मोठ्या होत्या की ती चालली की फटाक, फटाक आवाज यायचा. भिंतीपलीकडून तो आवाज आला की मी चिंचोके मोजता मोजता मान वर करायचे आणि परत मोजायला लागायचे. बाई दिवसभर अनवाणी. मावशींनी टोकलं की म्हणायच्या, "मले चप्पल घालताच येत नाही."

माझं पाहून बाकीच्यांनाही घरच्यांची वस्तू ठेवून घ्यायची हौस आली. कुणी आजोबांची टोपी ठेवून घेतली, गोलूने आजीचा चष्मा. एका मुलीने आईचं खुरपंच ठेवून घेतलं. आई बोलण्याच्या नादात तशीच शेतात गेली, निंदायला वाकली तर हात रिकामा. अर्ध्या तासाने ती दारात उभी. "अवं बाई, मी काय बोटानं निंदू काय?" बाई पोट धरून हसल्या. मावशी म्हणाल्या, "आता इथं ईळे-खुरपे विकाले बसा, पोषण आहार राहू द्या." मग नियम झाला की कामाची वस्तू ठेवून घ्यायची नाही.

पोळ्याच्या आधी मात्र घोटाळा झाला. माझ्या शेजारची चप्पल एक कुत्रं घेऊन गेलं. ती परत सापडली नाही. मी जी रडायला लागले ती थांबेचना. दोन दिवस ताई माझ्याजवळ अंगणवाडीत बसून राहिली. पलीकडे तिच्या वर्गात भागाकार सुरू झाले होते. संध्याकाळी बाबा म्हणाले, "मी म्हणलं व्हतं ना. उद्यापासून दोघी घरीच राहा." ताई त्या रात्री जेवली नाही म्हणतात.

सकाळी आई-बाबा कामाला गेल्यावर ताईने मला उचललं आणि घरी न थांबता सरळ अंगणवाडीत आणलं. बाबांचा शब्द तिने मोडलेला तो पहिलाच. बाईंनी खोलीच्या मध्ये काळ्या मातीचा मोठा गोळा ठेवला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, मुलं आपापले छोटे बैल सजवून मिरवतात. त्यासाठी बाई बैल करत होत्या. बैल झाला. मग त्यांनी शेपूट केलं आणि बैलाच्या तोंडाला लावलं.

मी हुंदके देत देत पाहिलं. कुणीच काही बोलेना. बाईंनी बहुतेक सगळ्यांना डोळ्यांनी दटावून ठेवलं होतं. त्यांनी दुसरा बैल केला. त्याचंही शेपूट तोंडाला. "जमलं बाप्पा एकदाचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी ताईच्या मांडीवरून उतरले, शेपूट उपटलं आणि मागे लावलं. "हाव काय?" बाई म्हणाल्या. "मंग याचे शिंगं कोठी असतात व?" मी शिंगं लावली. मग कान. मग दुसरा बैल, त्याची जोडी. माती हातभर, फ्रॉकभर. बाईंनी पाठीमागे हात नेऊन ताईला नुसतं बोटाने खुणावलं, जाय. ताई दारापर्यंत उलट्या पावलांनी गेली आणि मग पळाली.

शाळा सुटल्यावर ती मला घ्यायला आली तेव्हा मी तिला म्हणाले, "थांब ना, कान बाकी हाय." हे वाक्य ताई अजूनही माझ्या आवाजात म्हणून दाखवते. ती दारातच खाली बसली आणि एवढी हसली की मावशींना वाटलं, हिला काय झालं. तान्ह्या पोळ्याला बाबांनी माझ्या बैलजोडीला झूल म्हणून स्वतःच्या रुमालाचा तुकडा फाडून दिला. दोघींनी घरी राहायची गोष्ट त्यांनी परत काढली नाही.

ताई पुढे शिकत गेली. आज ती कृषी सहायक आहे, आमच्या घरातली पहिली नोकरी. मी कॉलेजात जायचं म्हटलं तेव्हा घरात 'पाहू' कुणी म्हटलं नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. अंगणवाडीतच छोटासा कार्यक्रम होता. ताई कामाच्या गावाहून आली, मी अमरावतीहून. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. बाईंना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "मले भाषण येत नाही," आणि हे मात्र खरं निघालं, त्या दोन वाक्यांत रडल्या. नंतर गर्दी कमी झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. किती वर्षं मनात होतं ते जरा घाबरतच विचारलं.

"बाई, तुमी मले घरून मागून आणलं व्हतं. मी तुमची लाडकी होती ना?"

"लाडकी? तू?" बाई हसायला लागल्या. "लय किरकिरी होती व तू. सारा दिवस नाक गळे तुहं."

"मंग काहून आणलं?"

बाईंनी हनुवटीने अंगणाकडे दाखवलं. ताई मावशींबरोबर मुलांना बुंदी वाढत होती. "तुले कडेवर घेऊन थे शाळेच्या खिडकीपाशी उभी राहे. भाईरून. गुरुजी आत पाढा विचारत, आन् हे भाईरून उत्तर दे. मले थे पोरगी आत पाहिजे होती. आता तू तिच्या कडेवर होती, तं तुले आणा लागलं."

थोडं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण नाही वाटलं. मी ताईकडे पाहत राहिले. ती एका मुलाला बुंदी वाढत होती, आणि त्याला आणखी हवी होती, आणि ती मुद्दाम एक-एक दाणा टाकत होती.

ती मोकळी झाल्यावर माझ्याकडे आली. "काय म्हणत होत्या बाई एवढ्या वेळच्या?"

"म्हणे मी लय किरकिरी होती."

"मंग?" ताई म्हणाली. "खोटं काय हाय त्यात?" आणि उरलेली सगळी बुंदी तिने माझ्या हातावर ओतली.