तेलवाला साडू आणि मुकादम बोका

उभ्या सुरतेत माझ्या साडूइतका ठामपणे चुकणारा माणूस दुसरा नसेल. खानदेशातून येऊन उधन्याच्या लूम कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं त्याने मशीनना तेल घातलं आणि त्यातून एकच विद्या उचलली: जगात जे काही अडतं, ते तेलावाचून अडतं. दार कुरकुरलं, तेल. अक्काचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, गुडघा धरला, तेल. माझी बारडोलीहून बदली होईना, तेव्हाही या गृहस्थाने मला रोज बेंबीत दोन थेंब सोडायला सांगितलं. कारखान्यातली लांब चोचीची तेलाची कुपी त्याने निवृत्तीनंतर घरी आणली, घासूनपुसून त्यात एरंडेल भरलं आणि खुंटीला टांगली. पाहुणा नुसता खोकला तरी त्याचा हात तिकडे जातो.

घरात त्याला न जुमानणारा एकच प्राणी, अक्काचा बोका. अक्का टिकल्या लावायला घरी आणते त्या साड्यांच्या गठ्ठ्यावर बसून तो सगळ्यांवर नजर ठेवतो, म्हणून अक्काने त्याचं नाव मुकादम ठेवलं. जन्मभर मुकादमांच्या शिव्या खाल्लेल्या साडूला ते फार झोंबलं. तो बोक्याला ऐतखाऊ म्हणे, आणि साडूने हात पुढे केला की बोका न चुकता चावे. मला विचाराल तर दोघांत बोका अधिक समंजस होता.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तर मुकादम वाळूच्या घमेल्यात बसून कुंथत होता. बसायचा, उठायचा, शेपटीखाली चाटायचा, केविलवाणं ओरडून पुन्हा बसायचा.

"कालपाईन वाळू कोरडी शे," अक्का म्हणाली. "त्यानी लघवीच करी नही."

साडूने वाळूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पोट धरेल शे. एरंडेल पाज, मोकळं व्हई जाई."

कुंथणं म्हणजे बद्धकोष्ठ, इथे त्याचं वैद्यकशास्त्र सुरू होऊन तिथेच संपत होतं. मी म्हटलं, "साडूभाऊ, डॉक्टरला दाखवू या."

"तुले काय समजस? एक तरी लूम खोलेल शे का तू?" असं म्हणून त्याने कुपी बोक्याच्या तोंडात रिकामी केली.

दुपारी मुकादमाने सगळं तेल ओकून टाकलं आणि मोरीच्या गार फरशीवर तो निपचित पडला. साडूने पोट चाचपायला हात लावला. खाली संत्र्याएवढा टणक गोळा होता. मुकादम जागचा हलला नाही. साडूने हात मागे घेतला आणि अंगठ्याकडे बघत राहिला.

"हाऊ चावना नही," तो हळूच म्हणाला. मग टॉवेलात बोका गुंडाळून हा शहाणा अनवाणीच रिक्षाकडे धावला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की आतडी ठीक आहेत, मूत्राशय तुंबलंय. बोक्याची नळी मुळात अरुंद, त्यात खडा आणि चिकटा अडकला की लघवी थांबते, तिचं विष रक्तात चढतं आणि हृदयच बंद पडतं. उद्यापर्यंत थांबला असतात तर बोका वाचला नसता. तेलाचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "काका, तेल पेटमां जाय, पेशाबनी नळीमां ना जाय."

दुसरा कुणी असता तर शरमेने मान खाली घातली असती. साडू म्हणाला, "तो डायरेक्ट नली में डालो ना."

बाईंनी त्याला बाहेर काढलं. आत नळी घालून लघवी काढत होत्या, आणि बाहेर बाकावर साडू रिकाम्या टॉवेलाची घडी घालत आणि मोडत बसला होता. मधेच म्हणाला, "हाऊ गया ते माले कोन चावी?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मुकादम वाचला. घरी आल्याबरोबर साडूच्या अंगठ्याला कडाडून चावला, आणि तो अंगठा साडूने गल्लीभर दाखवला. मात्र हे दुखणं उलटू शकतं, पोटात पाणी भरपूर जाऊ द्या, असं बाईंनी बजावलंय. म्हणून कुपीत आता पाणी असतं, आणि बोक्याच्या खाण्यावर ते तेलासारखंच मोजूनमापून पडतं. रोज सकाळी साडू घमेल्याजवळ उकिडवा बसतो. वाळू भिजली की मला फोन करतो, "व्हयनी," म्हणजे झाली, आणि मगच चहाला तोंड लावतो. भल्या सकाळी बोक्याच्या लघवीची खबर ऐकायची, हे माझ्या नशिबी आलंय. किती वेळा सांगितलं, हा मूर्खपणा बंद करा.

परवा फोन आला नाही. माझा चहा समोर गार होत गेला. शेवटी मीच लावला.

"साडूभाऊ, झाली का?"

"सकायमाच व्हयनी. फोनमा बॅलन्स नव्हता," तो म्हणाला. "तू चहा पी."