दवाखान्याचा कागद

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग निघाला, तेव्हा एरंडोलजवळच्या आमच्या गावाने वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी सुरतेला लूमवर कामाला होतं, म्हणजे त्या काट्या आपल्याच माणसांसाठी होत्या. मी शाळामास्तर, म्हणून गणपतीचा भोंगा गावाने माझ्या हाती दिला. महिनाभर मी त्यावरून लोकांना शहाणपण शिकवलं. भोंगा हातात आला की माणसाला वाटतं, आपण बोलतो तसेच आपण आहोत.

दिवाळीच्या तोंडावर साथ ओसरली. काट्या निघाल्या, बाजार भरू लागला. नियम दोनच उरले. सुरतेहून येणाऱ्याने आधी तालुक्याच्या दवाखान्यात तपासून कागद आणायचा, आणि ताप आला तर लगेच कळवायचं. मी भोंग्यावरून ठणकावून सांगितलं, कागद असेल त्याला कुणी अडवायचं नाही, वेगळं ठेवायचं नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी माझी थोरली बहीण सुरतेहून आली. आई गेल्यावर मला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. धरणगावला गाडीतून उतरून, दवाखान्यात अर्धा दिवस रांगेत बसून ती आली होती. मी दारातच तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ओट्यावर बाज टाकली. प्रवासाने दमली असशील अक्का, इथे वारा चांगला आहे, असं काहीतरी म्हणालो. कार्तिकातल्या थंडीत मी तिला वाऱ्याचं कौतुक सांगत होतो. बाजेवर बसून तिने पायांवर लुगडं ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाटही मी ओट्यावरच मांडला आणि तोंडाला रुमाल बांधून बसलो. समोरच्या ओट्यांवर भाऊबंद बसले होते. अक्का ताट घेऊन आली, अंगठ्यावर कुंकू घेऊन वाकली, आणि माझी मान मागे गेली. बोटभरच गेली असेल. पण तिचा अंगठा तसाच अधांतरी राहिला.

तिने ताट खाली ठेवलं. कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि सुपारीशेजारी ठेवला.

“भाऊ, डाक्टरनी लिखी देल शे,” ती म्हणाली. “माले काहीच नई.”

तो कागद मी वाचायला हवा होता. निदान रुमाल तरी सोडायला हवा होता. मी ताटातलं कुंकू उचललं आणि स्वतःच्या हाताने कपाळाला लावून घेतलं. तिने हात लांब ठेवून मला ओवाळलं. समोर कुणी हसलं नाही, आणि कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी घाबरलो होतो, एवढंच खरं आहे. भोंग्यावरून सांगितलेल्या एका शब्दावरही माझा विश्वास नव्हता.

ती त्याच दुपारी निघाली. मी एसटीपर्यंत गेलो, पण माफी मागायचं धाडस झालं नाही.

पुढच्या दिवाळीला प्लेगचं नावही कुणी काढत नव्हतं. पाट मी माजघरात, देवापुढे मांडला. अक्का वाकली आणि माझ्या कपाळाजवळ हात थांबवून तिने हळूच विचारलं, “भाऊ, लावू ना?”

तेव्हापासून दर भाऊबिजेला मी मान आधीच पुढे करून बसतो. ती तरीही विचारते.