हर्डलवरचा हात

आज मैदानावर फक्की मारताना चुन्याचा वास आला आणि मी सांगलीच्या प्रशिक्षक शिबिरात पोचले. तिथं शिकवण्याआधी स्वतः हर्डल ओलांडायचे होते. मी एकदा पडले, मग पाऊलच उचलेना. शिकवणाऱ्या बाई माण तालुक्यातल्या. त्यांनी हर्डलच्या लाकडी पट्टीवर तळहात ठेवला.

"आता लाकूड न्हाई, माझा हात हाय. पळत ये."

माझा गुडघा त्यांच्या बोटांवर आपटला.

"लागलं का, बाई?"

"न्हाई गं. परत ये."

आज एका घाबरलेल्या पोरीसाठी मीही तसाच हात ठेवला. तिचा गुडघा माझ्या बोटांवर बसला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"मॅडम, लागलं?"

"न्हाई गं," म्हणत मी हात पाठीमागं नेला.

बाईसुद्धा त्या दिवशी हात मागं बांधून उभ्या होत्या. मला ती त्यांची ऐट वाटली होती.