तिन्ही प्लॅटफॉर्मला चालेल असा रस्ता

साहेबांना 'कॉमन इंटरफेस'चं खूळ लागलं आणि आमच्या ऑफिसचं वाटोळं झालं. ऑफिस न्हावा शेवा बंदराच्या अलीकडे, काम ट्रेलरना रस्ते सांगायचं. गोदामं, नाके, बंदराची गेटं म्हणजे ठिपके आणि मधले रस्ते म्हणजे रेषा. असला अवाढव्य ग्राफ बऱ्याच मशीनवर वाटून मोजणारा एक ओपन सोर्स प्लॅटफॉर्म मी घासूनपुसून बसवला होता. चालू हिशोबात एखादी रेषा खोडली, की तो तेवढ्यापुरतं पुन्हा मोजून मोकळा व्हायचा.

साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. "उद्या प्लॅटफॉर्म बदलावा लागला तर? असले आणखी दोन आहेत बाजारात. प्रोग्रॅम एकदाच लिहायचा, तिन्ही प्लॅटफॉर्मवर चालला पाहिजे." बदलायचा कोणाला होता, देव जाणे. मग तिन्हींना जमतं तेवढंच इंटरफेसमध्ये ठेवायचं ठरलं. हळदीच्या जेवणात एकाला मासळी नको, दुसऱ्याला लसूण नको, तिसऱ्याला तिखट नको म्हणून सगळंच काढलं तर टोपात कोमट पाणी उरेल, तसा तो इंटरफेस झाला. चालू हिशोबात रेषा खोडायची सोय एका प्लॅटफॉर्मला नव्हती, म्हणून तीही गेली. मी बोंबललो. "असं कितीदा लागतं?" म्हणाले, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पगार असतो ना मान डोलवायचा.

त्याच सुमारास दादाने, माझ्या थोरल्या भावाने, आपला ट्रेलर आमच्याकडे लावला. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, ही पहिली स्वतःची. पहिला महिना परीक्षेचा होता. मोबाइलवर आमचा प्रोग्रॅम सांगेल तो रस्ता सोडायचा नाही आणि बंदराचं गेट बंद व्हायची वेळ चुकवायची नाही. यातलं एक जरी चुकलं तरी गाडी बाद.

गावदेवीच्या जत्रेच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आमच्या पालखीला वेळापत्रक नसतं. ज्याच्या दारात नाचेल तिथे नाचेल, आणि तिला हॉर्न मारणारा अजून जन्माला यायचाय.

"पुढं पालखी हाय. डावीकडचा रस्ता मोकळा हाय, पण मोबाइल सरळच सांगतंय. वळू का?"

"वळू नको, बाद करतील. थांब, मी रेषा खोडतो."

कसली खोडतोय, कपाळ माझं. ती सोयच उरली नव्हती. तो रस्ता वगळून अख्खा ग्राफ पहिल्यापासून मोजायला लावला. इकडे तो मोजत बसला आणि तिकडे दादा फाट्यावर, कंटेनरभर गोठवलेली कोळंबी घेऊन, मोबाइलकडे बघत बसला. नवा रस्ता आला तेव्हा गेट बंद झालं होतं.

संध्याकाळच्या मीटिंगला साहेब खूश. तोच हिशोब त्यांनी उरलेल्या दोन प्लॅटफॉर्मवरही चालवून पाहिला होता. "तिन्हीकडे एकच उत्तर. इंटरफेस सिद्ध झाला."

"तिन्हीकडे उत्तर गेट बंद झाल्यावरच आलं ना?" मी विचारलं.

"तो वेगळा मुद्दा आहे."

मला त्या माणसाची शिसारी आली. मग गेट चुकवलेल्या गाड्या काढायचा विषय निघाला. पालखीखालचा रस्ता दुपारभर खोडता आला नव्हता, पण दादाची गाडी चहा यायच्या आत खोडून झाली.

घरी गेलो तर दादा ओटीवर बसला होता.

"मी रस्ता सोडला न्हाय, हे सांगितलंस ना त्यांना?"

सांगितलं होतं. 'गुड' म्हणाले होते.