नसीमआपांचा नवा पेशंट

नसीमआपा कुणाच्याही घरी आल्या की आधी मनगट धरायच्या. कशी आहेस, चहा टाक, हे सगळं नाडी बघून झाल्यावर. दवाखान्यातली सिस्टरची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण हाताची सवय जात नव्हती. सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. तापलेली पोरं, चढलेलं बीपी, सासवा-सुनांची भांडणं, सगळं त्यांच्याकडेच जायचं. दुखणं कुठलंही असो, पहिला प्रश्न ठरलेला, "कालपरवा नवीन काय झालं, ते सांग."

एकदा हा प्रश्न त्यांनी माझ्या लॅपटॉपबद्दल विचारला.

मुलगी झाल्यावर सोडलेली नोकरी मी पुन्हा शोधत होते. नकार पचवायची सवयच झाली होती. अखेर एका कंपनीनं भाषांतराच्या कामासाठी ऑनलाइन मुलाखत ठेवली. बोलता बोलता स्क्रीनवर एक उतारा मराठीत करून दाखवायचा होता, त्यामुळे मोबाइलवर भागण्यासारखं नव्हतं. सकाळी लॅपटॉप सुरू केला, तर रात्रीतून त्यानं स्वतःला अपडेट करून घेतलेलं. नवं रूप, नवे रंग, आणि ब्राउझर काही उघडेना. क्लिक केलं की खिडकी क्षणभर चमकायची आणि मिटायची. दुसरा ब्राउझर उघडून बघितला, त्याचंही तेच. मला रडूच फुटलं.

नेमक्या तेव्हाच आपा कोथिंबीर मागायला आल्या. त्यांनी मनगट धरलं. "क्या गे, किती पळतीया नाडी! काय झालं?"

"आपा, इंटरनेट उघडत नाही. आता थोड्या वेळात मुलाखत आहे. सगळं पुसून नव्यानंच टाकते."

"नक्को! हात काढ आधी. पेशंटला तपासल्याबिगर कुणी फाडतंय का? पाणी पी." मग खुर्ची ओढून त्या लॅपटॉपसमोर बसल्या. "फोनवर नेट चालतंय न्हवं? म्हंजी नेट बरं हाय. काल हा ठीक होता?"

"हो."

"मग रात्री काय दिलं त्याला?"

"अपडेट."

"अन् आधीपासून कुठल्या गोळ्या चालू हायत?"

रडता रडता मला हसू आलं. आपांना संगणकातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण त्यांच्या आवाजानं माझं डोकं ठिकाणावर आलं. फोनवर शोधाशोध केली, तेव्हा सेफ मोडचा उपाय सापडला. बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरं बाजूला ठेवून लॅपटॉप सुरू करायचा. तसा केला, आणि ब्राउझर उघडला!

"पेशंट बरा हाय. गोळी बाधतीया," आपांनी निदान केलं. "एकदम सगळ्या बंद करू नको. एक बंद कर, बघ. न्हाईतर कुठली बाधली ते कळायचंच न्हाई."

आधी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बंद केलं. फरक नाही, आणि मला बरंच वाटलं, कारण त्याच्याशिवाय उतारा लिहिणार कशी? मग कधीकाळी व्हायरससाठी टाकलेलं एक जुनाट सॉफ्टवेअर काढून टाकलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि ब्राउझर मुकाट्यानं उघडला. मी आपांना मिठीच मारली.

"सोड. केस विंचर जा," म्हणून त्या कोथिंबीर घेऊन गेल्या.

मुलाखत संपवून दार उघडलं, तर आपा जिन्याच्या पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. शेजारी सिलेंडरवाला आपला सिलेंडर धरून अवघडून उभा.

"कधीचा उभा हाय बिचारा. बेल वाजवू दिली न्हाई मी," आपा म्हणाल्या. "झाली?"

"झाली. कळवतो म्हणालेत."

"कळवतील की."

आणि त्यांनी खरंच कळवलं. मी आजही त्याच कंपनीत आहे.

गेल्या वर्षी आपा आजारी पडल्या. त्यांचा परगावी असलेला मुलगा येऊन राहिला होता. तो औषधं आणायला जाई, तेव्हा त्यांच्या पलंगाजवळ मी काम घेऊन बसायचे. एका दुपारी त्या म्हणाल्या, "किती बसतीस? घरी जा की."

"बसू दे, आपा. इथं काम छान होतं माझं."

त्यांनी सावकाश मान उचलली, डोक्याखालची एक उशी ओढून काढली आणि माझ्या पाठीशी सरकवली. त्याच आठवड्यात आपा गेल्या.