चाळीस सेंटिमीटरच्या पलीकडे

आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याला आम्ही भिंगोबा म्हणतो. तोंडावर नाही, रुसतो तो. पन्नाशीला टेकलेला, एकटा, अबोल गडी. पण चष्म्याशिवाय कोणाला कुठवर दिसतं, हे तो मनातल्या मनात भागाकार करून सांगतो. नंबर मायनस अडीच, तर एक भागिले मायनस दोन पूर्णांक पाच. दशांश चिन्ह दोन्हीकडे एक घर सरकवायचं, की झाले दहा भागिले मायनस पंचवीस. उत्तर मायनस शून्य पूर्णांक चार मीटर. मायनस एवढ्यासाठी, की अंतर भिंगाच्या पुढच्या अंगाला मोजायचं. थोडक्यात, चाळीस सेंटिमीटरच्या पलीकडे सगळा धूसर कारभार.

बेकरीवालीवर याचा जीव जडलेला, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. गल्लीतल्या वहिनी टोमणे मारून थकल्या. "भाऊजी, विचारा की! का दोघांना कवळ्या बसल्यावर विचारणार?"

याला धास्ती एकच. विचारताना तिनं आपला चेहरा पाहिला, तर वाचाच बसेल. शेवटी शक्कल काढली. ती एक दांडी निखळलेला चष्मा घेऊन आली, नंबर मायनस अडीच. त्यानं चष्मा घेतला, काउंटरमागे मीटरभर सरकला, भागाकार पुन्हा ताडून पाहिला, नि स्क्रू पिळता पिळता बोलून गेला, "माझ्याशी लग्न कराल?"

ती म्हणाली, "अगंबाई, हनुवटी किती थरथरतेय तुमची!"

"तुम्हाला दिसतंय?"

"मायनस अडीच उजवा. डावा कितीचा, तुम्हीच तपासलात ना?"

डावा मायनस शून्य पूर्णांक पाच. एक भागिले तेवढे, म्हणजे दोन मीटरपर्यंत लख्ख! घाबरून गड्यानं एकाच डोळ्याचा हिशोब केला होता.

हे मला तिनंच सांगितलं, दुकानातून तशीच बाहेर येऊन. तो कुठला सांगतोय! मी पोट धरून हसलो. ती हसली नाही.

"काका, मला दिसू नये म्हणून एवढा खटाटोप? असं अंतर राखूनच बोलायचं, तर संसार कसा व्हायचा?"

मग ती दुकानात परतली, मी मागोमाग. तिनं तो एका दांडीचा चष्मा मागून घेतला, हातानं डोळ्यांशी धरला आणि काउंटरची फळी उचलून सरळ आत गेली.

"हं, आता विचारा."

तो मान खाली घालून पेचकस पुसत बसला. एक गिऱ्हाईक डोकावून परत गेलं. शेवटी मान वर करून त्यानं विचारलं, अडखळत, अर्धं वाक्य गिळत. तिनं तो चेहरा पुरता पाहून घेतला, आणि मगच हो म्हणाली.